आईच्या तब्येतीचा एकपानी गोषवारा

आमच्या डॉक्टरांकडे एका रुग्णाच्या वाट्याला साधारण आठ मिनिटे येतात. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण ती मी मोजलेली आहेत. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या दवाखान्यात आईचा नंबर येईपर्यंत बाकावर बसून, पडद्याआड जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची वेळ मी मोबाइलमध्ये टिपत असे. त्या नोंदींचा मला अभिमान होता. आज त्या आठवल्या की मान खाली जाते. त्या आठ मिनिटांचा अधिक चांगला उपयोग करण्याच्या नादात, आईला जी एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची होती, ती मी तिला सांगू दिली नाही.

आईची स्वतःची पद्धत वेगळी होती. स्टुलावर बसल्यावर ती आधी डॉक्टरांच्या पत्नीची विचारपूस करी. मग तक्रार; पण तक्रार थेट येत नसे. चक्कर आली हे सांगण्यासाठी ती पुतण्याच्या लग्नापासून सुरुवात करी: बस किती उशिरा सुटली, मांडवात पंखा कुठे होता, वरण कसे आंबले होते, आणि या सगळ्यातून वाट काढत चक्कर शेवटी येई. डॉक्टर साठीचे, बाबा असल्यापासून आमच्या घरचे. ते हसून म्हणत, “वहिनी, आता मांडवातून बाहेर या.” आणि एवढे होऊनही मुख्य गोष्ट राहिलेलीच असे. ती आई उठल्यावर, एका हातात पडदा धरून सांगत असे. छातीत धडधडते, पाय सुजतात, बाबा गेल्यावर जेवण जात नाही, हे सगळे डॉक्टरांना पडद्याशीच कळले होते.

आमच्याकडे पाहुण्यांचेही असेच असते. बैठकीत चहा होतो, पोहे होतात, उन्हाळ्याची चर्चा होते. ज्यासाठी माणूस आलेला असतो, ते तो दारात चपला घालताना काढतो. आईने तीच रीत दवाखान्यात नेली होती, आणि डॉक्टरांना ती माहीत असावी, कारण आई पूर्ण बाहेर पडेपर्यंत ते पुढच्या नंबरसाठी घंटी वाजवत नसत. मी हेही टिपले होते. दर भेटीमागे अर्धे मिनिट वाया, असे.

मी बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. हिंगण्याच्या एका औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. जे नोंदवले नाही ते घडलेच नाही, हे आमच्या विभागात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते शिकवावे लागले नाही. माझा स्वभावच तसा आहे. त्या वर्षी कंपनीच्या तपासणीच्या तयारीचा गट माझ्याकडे येण्याची शक्यता होती आणि दवाखान्यासाठी काढलेली प्रत्येक सुटी मला महाग वाटत होती. म्हणून मी ठरवले की आईची भेट नीट आखायची.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी लॅपटॉप घेऊन समोर बसले आणि तीन मुख्य तक्रारी सांग म्हणाले.

“तीनच?”

“तीनच. डॉक्टरांना वेळ नसतो.”

तिने थोडा विचार केला. गुडघे लिही म्हणाली. मग म्हणाली, “रात्री दोन-तीनदा उठा लागते.” मी ‘झोप खंडित’ असे लिहिले. ती कशासाठी उठते, हे मी विचारले नाही. खंडित झोप ही तक्रार माझ्या रकान्यात व्यवस्थित बसत होती. मागच्या पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने सुरू असताना तिने बुद्धविहारातल्या ग्रंथवाचनाला जाणे सोडले होते. त्याचे कारण मी गुडघ्यांच्या खाली लिहिले: ‘जास्त वेळ बसता येत नाही.’ हे तिने सांगितलेले नव्हते. मी अनुमान काढले होते.

रक्तदाबासाठी मी घरी यंत्र आणले होते. आठवड्याचे सहा दिवस सकाळी सातला कंपनीची बस असे, म्हणून मोजणी रविवारी, ती विहारातून वंदना करून आल्यावर. आठ रविवार, आठ आकडे. त्यांचा आलेख काढला. रेषा स्पष्टपणे वर होती. खाली चालू औषध, पथ्य, आधीचे आजार. सगळे एका पानात, मोठ्या अक्षरात, डॉक्टरांना चष्मा न बदलता वाचता येईल असे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. आई स्टुलावर टेकते न टेकते तोच मी कागद पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, आलेखावर बोट फिरवले आणि खरेच खूश झाले. सगळे पेशंट असे आले तर मी दोन वाजता जेवीन, म्हणाले. मग त्यांनी प्रश्न विचारले आणि मी उत्तरे दिली. चहा किती वेळा, मीठ किती, चालणे होते का. आई वर पंख्याकडे पाहत होती. एकदा मात्र त्यांनी थेट तिच्याकडे वळून विचारले, “वहिनी, प्रेशरची गोळी रोज घेता न?”

“रोज,” मी म्हणाले. “महिन्याला तीस गोळ्या मीच आणते.”

त्यांनी मान हलवली. एवढ्या नियमित गोळीनंतरही प्रेशर वर राहते, म्हणून त्यांनी दुसरी गोळी वाढवली. झोपेसाठी संध्याकाळचा चहा बंद. मी आभार मानून उठले. आई उठली, पडद्याशी थांबली आणि वळली.

“डॉक्टर साहेब, आनखी एक होतं...”

“आई, ते यादीत नाही,” मी म्हणाले. “बाहेर पंधरा जण बसले आहेत.”

मी हे रागाने म्हटले नव्हते, समजावून सांगितल्यासारखे म्हटले होते. त्याने काही फरक पडत नाही. आईने माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. “काही नाही,” ती म्हणाली. “वहिनीसाहेबांच्या कंबरेचं विचारून राहिली होती.” डॉक्टरांनी पत्नीची कंबर बरी आहे म्हणून सांगितले आणि घंटी वाजवली. पूर्ण भेट साडेसहा मिनिटांत झाली होती.

यानंतर मी जे केले ते तर कुणी करायलाही सांगितले नव्हते. त्या पानाचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि पाठोपाठ नातेवाइकांच्या ग्रुपवर. डॉक्टरांकडे जाताना असे जा, असे वर लिहून. ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी कोरा नमुना मागून घेतला. आईचे नाव मी झाकले होते. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर नाव झाकण्याला काय अर्थ असतो? दुसऱ्या दिवशी आईने भाकरी थापता थापता एवढेच विचारले, “तुह्या मावशीले माहे गुडघे पाठवले का वं तू?” मला हसू आले. ती हसत नव्हती, हे मला नंतर आठवले. त्या वेळी दिसले असेल, पण मी नोंदवले नव्हते.

नव्या गोळीबरोबर मी सात कप्प्यांचा डबाही आणला. रविवारी तो मी भरायची आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्या दिवसाचा कप्पा रिकामा आहे ना, हे पाहायची. तो नेहमी रिकामा असायचा. आकडेही खाली येऊ लागले. माझ्या पद्धतीचे यश समजून मी ते आलेखात भरत गेले.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आई स्वयंपाकघरात ओट्यावरून कुकर उतरवताना पडली. आमच्या कंपनीत मोबाइल आत नेता येत नाहीत, ते लॉकरमध्ये राहतात. त्यामुळे शेजारणीचे सात फोन मला जेवणाच्या सुटीत एकदम दिसले. मी पोहोचले तोवर शेजारणीने तिला हाडांच्या दवाखान्यात नेले होते. उजवे मनगट मोडले होते. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टरआधी रक्तदाब घेतला आणि पुन्हा घेतला. तो फार उतरलेला होता, जीभ कोरडी होती. पाणी पीत नाही का या, असे त्यांनी मला विचारले. मला माहीत नव्हते. माझ्या पानावर पाण्याचा रकानाच नव्हता.

चार दिवसांनी आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सुधारित पान तयार केले होते, हे लिहायला आज लाज वाटते. पण केले होते. आमचा नंबर आला तेव्हा आई पडद्याशी थांबून म्हणाली, “तू बस इथंच.” आवाज चढलेला नव्हता. ती डाव्या हाताने पडदा सारून आत गेली. तिच्या काखेत कापडी पिशवी होती. आतून डॉक्टर काही म्हणाले आणि मागोमाग दाराचा आवाज आला. पडद्यामागे दार आहे, हे इतक्या वर्षांत मी पाहिलेच नव्हते.

नंबर देणारी बाई मला ओळखते. दर वेळी मी तिला किती वेळ लागेल म्हणून विचारत असे. ती वहीवरून मान वर न करता म्हणाली, “आज तुम्ही बाहेर? मंग आत बोलून कोण राहिलं?” बाकावरचे दोघे हसले. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती पुन्हा उघडू नये म्हणून पर्स मांडीवर दाबून धरली.

पाऊण तास गेला. बाहेरचे लोक कुरकुरू लागले. एक आजोबा म्हणाले, आत जेवण चालू आहे का. मला त्यांची माफी मागावीशी वाटली आणि त्याच वेळी कळले की मला अजूनही आईचीच घाई झाली आहे. एकदा आतून आईचे हसणे ऐकू आले. लग्नाच्या मांडवापासून ती सुरू झाली असावी.

मग मला बोलावले. टेबलावर हळदीचा जुना डबा होता आणि त्यात गोळ्या होत्या. रक्तदाबाच्या पहिल्या गोळ्या, मी महिन्याला तीस आणत होते त्या, पट्टीतून कापून नीट ठेवलेल्या. डॉक्टर म्हणाले की जानेवारीपासून सात कप्प्यांचा डबा येईपर्यंत वहिनी शनिवारी आणि रविवारी ही गोळी घेत नव्हत्या. शनिवारी बाजार असतो, रविवारी विहार. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही असते.

पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. मी रक्तदाब रविवारी मोजत होते. दोन दिवस गोळी चुकलेल्या बाईचे आठ आकडे मी रोज गोळी घेणाऱ्या बाईचे म्हणून मांडले, त्यावर औषध वाढवून घेतले, आणि मग कप्पे तपासून दोन्ही गोळ्या सातही दिवस तिच्या पोटात जातील अशी व्यवस्था केली. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, हे विचारल्याशिवाय मी कंपनीत कुणाच्या आकड्यावर सही करत नाही. तिथे औषधाची एक खेप वाया गेली असती. इथे आईचे मनगट मोडले, आणि डोके ओट्याच्या कडेपासून वीतभर अंतरावरून गेले होते.

“चूक माझी आहे, बेटा,” डॉक्टर म्हणाले. “कागद इतका छान होता, की वहिनींकडे पाहायचं राहूनच गेलं.”

त्यांनी हे मनापासून म्हटले होते, आणि त्यामुळे मला अधिकच कानकोंडे झाले. त्यांनी औषध बदलले, दुसरी गोळी बंद केली, दिवसभरात किती पाणी प्यायचे ते सांगितले. वहिनी गोळी का टाळत होत्या हे मात्र ते सांगणार नव्हते. ते त्यांना सांगायचे असेल तर त्या सांगतील. आई पिशवीत डबा भरत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

घरी आल्यावर मी चहा केला. आई न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारावर टकटक केले. ती म्हणाली, ये. ती पाटावर बसली होती, समोर बादली, बादलीत जुन्या सुती साडीचे घडी घातलेले तुकडे. एका हाताने ती एक तुकडा पिळायचा प्रयत्न करत होती.

“हे धुवून दे,” ती म्हणाली. “एका हातानं होत नाही.”

मला अजून कळले नव्हते. माझा चेहरा पाहून तिने सांगितले, माझ्याकडे न बघता, बादलीकडे बघत.

“लघवी धरता येत नाही मले. दोन वर्षं झाले. शिंकली, हासली, तरी होते. गोळी घेतली का अर्ध्या अर्ध्या घंट्यानं जा लागते. विहारात पांढरी साडी नेसून बसतो आम्ही. डाग दिसला तं?”

म्हणून वर्षावासातले वाचन सुटले होते. म्हणून रात्री दोन-तीनदा उठणे. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात पेल्याचा तळ ओला होईल इतकेच पाणी. हे सगळे मी लिहून घेतले होते. फक्त प्रत्येकाला दुसरे नाव दिले होते. मी खाली बसून तो तुकडा तिच्या हातातून घेतला. शास्त्र शिकलेल्या मुलीने विचारायला नको होता, असा प्रश्न मी विचारला: मला का नाही सांगितलेस?

“तुले सांगतलं असतं तं तू लिहिलं असतं,” आई म्हणाली. “टाईप करून. मोठ्या अक्षरात.”

मी खरोखरच लिहिले असते. तक्रार क्रमांक दोन म्हणून लिहिले असते, आणि पुढच्या दिवशी तिच्या बहिणीला ते वाचायला मिळाले असते. मी कपडे धुतले. ती पाटावर बसून पाहत राहिली आणि साबण जास्त लावू नको, कापड कडक होते, एवढे म्हणाली. दोन वर्षे ती हे रोज, मी बसमध्ये बसल्यानंतर धूत होती आणि मी परतण्याआधी वाळवून कपाटात ठेवत होती. मला वाटत असे की घरातली प्रत्येक गोष्ट मला माहीत आहे.

हे इथे लिहिण्याआधी मी तिला विचारले. तिने दोन दिवसांनी उत्तर दिले. “लिही. नाव नको टाकू. आन् माह्यापेक्षा तुहं जास्त लिही.”

आमच्या व्यवसायात सदोष माल बाहेर गेला की ज्याला ज्याला तो मिळाला त्या प्रत्येकाला कळवावे लागते, आणि कारण द्यावे लागते. मी दोन्ही ग्रुपवर लिहायला बसले. तो नमुना वापरू नका, हे वाक्य सोपे होते. कारण लिहिताना थांबले. खरे कारण माझे नव्हते, आईचे होते. ते दिले तर पुन्हा तेच केल्यासारखे होणार. आणि कारण न देता माझी चूक झाली म्हणणे म्हणजे नम्र असल्याचे श्रेय फुकट घेणे. शेवटी लिहिले: ‘तो कागद वापरू नका. त्या दिवशी आईला काही सांगायचे होते आणि मी तिला बोलू दिले नाही.’ मावशीने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. ऑफिसातल्या एकाने विचारले की मग त्यात ‘इतर’ असा रकाना वाढवला तर चालेल का.

जुलैत प्लास्टर निघाले. डॉक्टरांनी आईला आता सगळ्यांत शेवटचा नंबर द्यायला सांगितला आहे, आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठीही दिली आहे. काही व्यायाम असतात, त्याने फरक पडतो, एवढे मला आई सांगते. त्या बाईंकडे जायचे होते तेव्हा मी सुटी काढू का म्हणून विचारले. ती म्हणाली, “काढ. गाडी तू चालव. आत मी जाईन.”

मी गाडी चालवली. मग दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले आणि ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता, घडी केलेला. गाडीवर मागे बसताना तिने तो पदराआड ठेवला. सक्करदरा चौकात सिग्नलला थांबल्यावर मी मान वळवून विचारले, काय म्हणाल्या बाई?

“सांगीन,” आई म्हणाली.

सिग्नल सुटला. याला आता तीन आठवडे झाले. मी पुन्हा विचारलेले नाही.